कपाने पिते म्हणून

हॅलो?… हॅलो, विमा कंपनीच ना? चाळीस मिनिटं तुमचा पियानो ऐकतेय, बाई, आता तरी माणूस आहे का?… बरं. रोशेल. मी वर्ना कॉम्ब्स, केंटकीहून. नवऱ्याची खाण बंद पडली, लाकडाच्या गिरणीत लागला, गिरणीचा विमा तुमच्याकडे, म्हणून मार्चपासून तुमच्या गळ्यात…

हो, कोरीनची आई. पोर सात वर्षांची… हो, जन्मापासूनचा आजार, फेनिलकीटोन्युरिया. नाव वाचता आलं तुम्हाला, उपकार झाले.

नाही, पाण्यात कालवून देते ती औषधी पावडर जेवणाला जोड नाही. तेच तिचं जेवण. मांस, अंडं, दूध, घेवडा, काही चालत नाही. त्यातल्या प्रथिनाचं विष रक्तात साचतं, मेंदू नासवतं. चर्चच्या पंगतीत सगळे ताट भरतात, ती आपला कप घेऊन बसते…

हो, पावडरीचे पैसे नाकारल्याचं पत्र समोरच आहे. ‘तोंडाने घेतलं जाणारं अन्न.’ म्हणजे?… पोटात नळी घातली तर देता?… आणि नळी बसवायचं ऑपरेशन?… तेही देता. वा.

अहो, पण तिला गिळता येतं… गिळता येतं म्हणूनच नाही?… थांबा, मला बोलू द्या.

फॉर्मवर मी लिहिलं? वाचा बरं… ‘सगळं स्वतः कपाने पिते, थेंब ठेवत नाही.’ हो. माझंच अक्षर. कुजक्या बटाट्यासारखा वास येतो त्याला, मोठ्या माणसाला घोट जायचा नाही. कौतुकाने लिहिलं होतं, बाई…

काय? मोठ्याने बोला… दुसऱ्या चौकोनात खूण करून परत पाठवू? नसलेली नळी आहे म्हणून?… आवाज का खाली आणलात? रेकॉर्ड होतंय, ठाऊक आहे. होऊ द्या… तुमचं मन चांगलं असेल, पण खोटं मी लिहिणार नाही. उद्या तेच धरून विमा रद्द कराल.

तातडीचं अपील लिहून घ्या… बहात्तर तास? डब्यात दोन दिवसांचं उरलंय… पत्रावर ही गिचमिड सही कुणाची?… कसले डॉक्टर?… डोळ्यांचे.

द्या त्यांनाच फोन… जोडताय? थांबा, आधी अपिलाचा नंबर सांगा… हॅलो? रोशेल बाई?… हॅलो…

कोरीन, इकडे ये. रोज ओरडते ना मी, संपव म्हणून? आज अर्धाच पी. उरलेला झाकून फ्रिजमध्ये ठेव, सकाळी होईल.