हिरव्या वहीवरचा शब्द

नाव: खरं नाव वर नोंदवलं आहे, हाक मात्र सगळे भिंगरी अशीच मारतात. वय: वीस पूर्ण. धंदा: सध्या चाव्या बनवणे व कुलपं दुरुस्त करणे, त्याआधी बेकरी, ट्रकवर क्लीनर, आणि एक महिना सर्कशीच्या तंबूचे दोर ओढणे. शिक्षण: सातवी, तीही दोन शाळांत मिळून. राहणार: चावीवाल्या उस्तादांच्या टपरीमागची खोली.

पोलीस ठाण्यात साहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझं वय आधी नीट लिहून घ्यावं. वीस पूर्ण. दाखला सोबत आणला आहे.

घरी आई आणि धाकटा भाऊ. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. भाऊ पंधरा वर्षांचा असून नववीत आहे. त्याला घरीदारी डाव्या म्हणतात. ते नाव कसं पडलं हे या प्रकरणात महत्त्वाचं नाही. शाळा सुटली की तो टपरीवर येतो. उस्तादांनी आम्हा दोघांना काम शिकवलं. त्यांचा एकच दंडक आहे, गिऱ्हाइकाचं कुलूप उघडलं की ते पुन्हा लावून दाखवायचं. म्हणतात, "उघडायला काय, हातोडाही उघडतो. लावून दाखव."

मागच्या सोमवारी मधल्या सुट्टीत डाव्या आणि त्याच्या वर्गातली दोन मुलं शाळेची भिंत चढून गेली व शेजारच्या बंद कारखान्याच्या छपरावर सापडली. छपराचे चार पत्रे फुटले. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिघांची नावं एका वहीत लिहिली. वहीवर वर मोठ्या अक्षरांत 'डेलिंक्वंट' असं लिहिलेलं होतं. ती वही शुक्रवारी बालकल्याण कार्यालयात जाणार होती.

मंगळवारी भावाने टपरीवर येऊन विचारलं, "दादा, डेलिंक्वंट म्हणजे काय रे?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं तुला?"

"म्हणालं नाही कोणी. लिहिलंय."

मला तो शब्द माहीत आहे. चौदाव्या वर्षी मी दुसऱ्याची सायकल घेऊन निघालो, तो तिसऱ्या दिवशी समुद्र लागला तेव्हा थांबलो. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. पाणी इतकं खारट असेल असं वाटलं नव्हतं, ओंजळभर प्यायलोसुद्धा. साहेब म्हणाले, मुद्द्यावर ये. मुद्दा हाच आहे. सुधारगृहात माझ्या फायलीवर तो शब्द होता. मला वाटलं आजाराचं नाव आहे. मी तिथल्या कारकुनांना विचारलं, "काका, हे बरं होतं का?" ते हसले. म्हणाले, "मोठ्या माणसानं कायदा मोडला की त्याला गुन्हेगार म्हणतात. तुझ्याएवढ्यानं मोडला की हे म्हणतात. तुम्हाला सांभाळून घ्यायलाच काढलाय हा शब्द. अठरा झालास की सुटलास."

डॉक्टर तो शब्द हळू आवाजात म्हणायचे. वॉर्डन हाक मारायला वापरायचे, "ए डेलिंक्वंट, बादल्या भर." आम्ही पोरं तो एकमेकांना शिवी म्हणून द्यायचो, पुढेपुढे लाडानंही. नंतर एकदा रद्दीच्या दुकानात जाडा शब्दकोश मिळाला. त्यात 'कर्तव्यात चुकलेला' असाही अर्थ होता. कोणतं कर्तव्य, ते दिलं नव्हतं.

अठरा झालो, बेकरीत लागलो. दीड महिन्याने मालकांना माझा जुना कागद कुणीतरी दाखवला. त्यांना अर्थ माहीत नव्हता. म्हणाले, "इंग्रजीत लिहिलंय म्हणजे काहीतरी मोठंच असणार," आणि त्याच दिवशी काढलं. जाताना पाव मात्र बांधून दिले.

हे सगळं मी भावाला सांगितलं. सगळं सांगायला नको होतं.

त्याने विचारलं, "मग सुटतो का तो शब्द?"

मी म्हटलं, "नाही सुटत."

त्यानंतर तो बराच वेळ कानस हातात घेऊन बसला. घासलं काहीच नाही.

बुधवारी दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान मी शाळेत गेलो. ऑफिसातल्या कपाटाचं कुलूप तारेने उघडलं, वही घेतली, कुलूप परत लावलं. लावायला नको होतं, पण हाताला सवय आहे. चोर कुलूप परत लावत बसत नाही, म्हणून तर पोलीस सरळ आमच्या टपरीवर आले. त्या वेळी भाऊ माझ्या जागी टपरीवर बसला होता. उस्ताद चहाला गेले होते व गिऱ्हाईक एकही आलं नाही, त्यामुळे त्याला तिथे पाहिलेलं कोणी नाही.

गुरुवारी हवालदारांनी ते कुलूप उस्तादांपुढे ठेवलं. उस्तादांनी डोळ्याला भिंग लावून चावीच्या भोकाजवळचे ओरखडे पाहिले आणि म्हणाले, "हात आमच्याकडचाच आहे. आणि डावा आहे." बोलून गेल्यावर त्यांनी भिंग काढलं आणि पुसत राहिले. भाऊ समोरच उभा होता. तेव्हा मी म्हटलं, "मी केलं." उस्तादांनी भिंग खिशात घातलं.

वहीचा रंग विचारला असता निळा असं सांगितलं. पुन्हा विचारला असता हिरवा असं सांगतो. घाईत नीट पाहिला नव्हता. वही फाडून नाल्यात टाकली. कोणत्या नाल्यात ते आठवत नाही. मी फिरस्ता माणूस आहे, नाले पुष्कळ पाहिले आहेत.

साहेब म्हणाले, "चहाचा कप तर उजव्या हातात धरलायस." त्यावर सांगतो की, चहाला उजवा, कुलपाला डावा.

आईला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "एकदा भोगलंस ना? मग पुन्हा तूच का?" मी म्हटलं, "मला सवय आहे." तिने माझ्या शर्टाला इस्त्री करून दिली. घरी ती कधी इस्त्रीला हात लावत नाही. तोच शर्ट अंगात आहे.

वीस वर्षांच्या माणसाला तो शब्द लागत नाही, हे साहेबांना विचारून खात्री करून घेतली आहे. माझ्या नावापुढे आरोपी लिहावं. चोर लिहिलं तरी तक्रार नाही, त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. शाळेने वही नवीन केली तर त्यात दोनच नावं असावीत. खरं म्हणजे एकही नसावं, पण त्या दोघांना मी ओळखत नाही. भाऊ बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलावण्याची गरज नाही.

वरचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वहीच्या रंगापाशी जी खाडाखोड आहे ती माझ्याच सांगण्यावरून आहे. बाकी मी बोललो तसंच उतरलं आहे, त्यात मला काही बदलायचं नाही.

लिहून घेणाऱ्या हवालदाराची नोंद: जबाब देणाऱ्यास उजव्या हाताने सही करण्यास सुचवले असता त्याने नकार दिला. सही डाव्या हाताने केली. बराच वेळ लागला. नाव वाचता येत नाही. बाहेरच्या मुलाला अद्याप आत बोलावलेले नाही.