वाणाच्या पिशव्या

आमच्या हिंदी मुलखातल्या नानाखेड्याच्या बगीच्याची भानगड तुम्हाला सांगितली का? पार्टीला तिथे दुकानं काढायची होती. बाबा पार्टीचे वॉर्ड अध्यक्ष, आणि बगीचा वाचवायला निघालेल्या बायकांची पुढारी आमची आई.

"अगं, वरून तय झालंय," बाबा म्हणायचे.

"मग खालून मोडू," आई म्हणायची.

संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं आणि अख्ख्या कॉलनीला वाण म्हणून कापडी पिशव्या वाटल्या. त्यांवर छापलं होतं, 'बगीचा हमारा है'. बाबा हसले. "बायकांचं हळदीकुंकू, त्यात कसलं पॉलिटिक्स?"

पुढच्या रविवारी नगरसेवक भैयाजींची सभा होती. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून बाबांनी एकेका कार्यकर्त्याला फोन केला, "घरच्या बायकांना घेऊन या."

आल्या की सगळ्या. प्रत्येकीच्या मांडीवर ती पिशवी, अक्षरं स्टेजकडे. पहिल्या रांगेत खुद्द भैयाजींची बायको, तिच्याही मांडीवर तीच.

भैयाजी माईकपाशी गेले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बगीचा वहीं रहेगा."

उतरल्यावर त्यांनी बाबांना गाठलं. "अध्यक्षजी, इन सबको बुलाया किसने?"

मागून आई म्हणाली, "इन्होंने. एक-एक को फोन करके."