देवाकडे तोंड, वाट्यांकडे पाठ

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. माणसाच्या वाट्याला जे येतं, ते देतं कोण? देव? देव म्हणणाऱ्यांनी हात वर करा! वा, सगळेच! पुढच्या रांगेतल्या या काकांचे तर दोन्ही हात वर आहेत. सकाळी भावाशी बांधावरून भांडताना मात्र देवाचं नाव निघालं नव्हतं हो, मी ऐकलंय!

बरं, ऐका. तळकोकणात एक गाव, एकोणीस घरांचं. ग्रामदेवाच्या मालकीची एक बाग होती. आंबा, फणस, नारळ. दर वैशाखात फळं उतरवायची आणि देवळाच्या मंडपात त्यांचे एकोणीस वाटे मांडायचे. आता फळांचे वाटे सारखे होतात का? एकात भला मोठा कापा फणस, एकात लिबलिबीत गऱ्यांचा बरका. आणि शेवटचा एक तर विचारूच नका! सडका फणस, पाखरांनी टोचलेले आंबे, आत पाणी नसलेले नारळ.

म्हणून रीत अशी. गावातलं एक जाणतं माणूस गाभाऱ्याच्या दारात बसणार. देवाकडे तोंड, वाट्यांकडे पाठ. मागे पुजारी एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारणार, "हा कुणाचा?" बसलेल्यानं न बघता एका घराचं नाव घ्यायचं. तो देवाचा शब्द! तक्रार नाही. आणि त्या जागी बसायचे रवळूतात्या. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

त्याच गावात येसू. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी, शेवंता. तर अकरा वर्षं — अकरा! — तो सडका वाटा येसूच्याच घरी. पहिल्या वर्षी बायका हळहळल्या. तिसऱ्या वर्षी तोंडाला पदर लावून हसल्या. पाचव्या वर्षी म्हणाल्या, घरच करंटं, देवसुद्धा तोंड फिरवतो. बघा, आधी फळं दिली, मग गुणही चिकटवला! फळ उकिरड्यावर टाकता येतं हो, असला गुण कुठे टाकणार?

देवळातलं पितळ घासायची सेवा पहिल्यापासून येसूचीच. तिला वाटायचं, आपल्याच सेवेत खोट आहे. म्हणून दर वर्षी वाटपाच्या आधी तीन दिवस ती देवामागची पितळी प्रभावळ चिंच आणि राख लावून घासायची. खांदे भरून यायचे, पण पितळ असं लख्ख करायची की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत.

तो गुण लेकीलाही लागला. शेवंताची दोन स्थळं मोडली. का? देव ज्या घराला सडकं देतो, त्या घरची मुलगी करायची कशी! तिसरं स्थळ शेजारगावच्या धाकू परबांच्या मुलाचं. मुलाला मुलगी पसंत. पण धाकू म्हणाले, यंदाचा वाटा बघतो, मगच पसंतीचा नारळ देतो. आणि नारळ पिशवीत घालून मंडपात येऊन बसले की!

त्या वर्षी तात्यांचा पाय मोडलेला. मांडी घालता येईना. मग बसायचं कुणी? ज्याचं नाव निघे, त्याच्यावर दुसऱ्याचा संशय. शेवटी कुणीतरी थट्टेनं म्हणालं, येसूला बसवा, देव तिला काही देतच नाही, ती लबाडी काय करणार! सगळा मंडप हसला. एकटे तात्या हसले नाहीत. खुर्चीतून ओरडत राहिले, बाईमाणूस नको, अनर्थ होईल. पण गावानं ऐकलं नाही.

येसू बसली. हात जोडले, मान वर केली. आणि मंडळी, समोर बघते तर काय!

प्रभावळीत मंडप दिसत होता! उन्हात मांडलेले एकोणीस वाटे. पुजारी. त्याची काठी. कोपऱ्यातला तो सडका फणस. आधी तिला वाटलं, देवानं दर्शन दिलं. मग हळूहळू उलगडलं. अकरा वर्षं तात्या हे बघत होते. आणि हा आरसा दर वर्षी घासून दिला कुणी? तिनंच!

मागे पुजाऱ्यानं सगळ्यात सुंदर वाट्यावर काठी टेकवली. "हा कुणाचा?"

आता थांबा. तिच्या जागी तुम्ही असता तर? मी असतो तर खरं सांगतो, माझंच नाव घेतलं असतं! तिच्याही ओठांवर स्वतःचं नाव आलं होतं. एक शब्द, की लेकीचं लग्न पक्कं.

येसू उठली. कोपऱ्यात घासायच्या ओल्या राखेची वाटी होती, ती उचलली आणि मूठभर राख देवामागच्या प्रभावळीला फासली! मंडप हादरला. बाई वेडी झाली, कुणी म्हणालं. पुजारी धावला, उपरण्यानं राख पुसायला लागला. हातभर जागा पुसली आणि तसाच उभा राहिला. त्या हातभर जागेत सगळे वाटे दिसत होते.

येसू वळली. "तात्या, अकरा वर्षं इथून काय बघत होता?"

तात्यांनी नाकारलं नाही. "वाईट वाटा कुणाला तरी जाणारच होता, येसू. दुसऱ्या कुणाला दिला असता तर डोकी फुटली असती. तू कधी तोंड उघडलं नाहीस. मी गाव सांभाळलं."

आणि मंडळी, खरा हादरा पुढेच आहे. गावात कुणी काही बोललं नाही! कारण अर्ध्या गावाला ते पटलं होतं.

धाकू परब मात्र मान खाली घालून उठले, नारळ घेऊन पुढे आले. येसू म्हणाली, "थांबा. आधी वाटे होऊ देत." पुजाऱ्यानं पुसलेल्या जागेवरही तिनं राख फासली, पुन्हा पाठ करून बसली आणि पुजाऱ्याला म्हणाली, विचारा.

येसूला काय मिळालं? ना चांगला, ना वाईट, आपला मधला एक वाटा. शेवंताचं लग्न झालं मार्गशीर्षात. आणि सडका वाटा गेला खुद्द पुजाऱ्याकडे. तो फणसाकडे बघून लगेच म्हणाला, "हा माझ्याच घरी का?" अकरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला!

हसू नका. आता घरी जा. आंबा चिरलात की फोडी कुणाला जातात आणि कोय कुणाच्या हातात राहते, तेवढं बघा. आणि लगेच म्हणू नका, तिला कोयच आवडते. मीही म्हणायचो! आमच्या आईला कोयच आवडते, असं चारचौघांत कौतुकानं सांगायचो. आई गेली. खरंच आवडायची का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

तुमच्या घरी अजून विचारता येईल. उठा, आज आरती लवकर उरकू.