चिचेवरचं लुगडं

शोभाताई : गेलं जी. लुगडं गेलं. वांदरानं नेलं.

गोपाळराव : काही गेलं नाही.

शोभाताई : माह्या डोळ्यादेखत नेलं! चिचेवर बसून हाय, मांडीवर घेऊन.

गोपाळराव : तुले मोतीबिंदू आहे. दिवाळीनंतर दाखवू. चहा ठेव.

शोभाताई : वर पाहा म्हणते ना मी!

गोपाळराव : वर काय पाहाचं? झाड आहे. मी लहान होतो तवाही होतं.

शोभाताई : झाडावर काय हाय ते पाहा.

गोपाळराव : चिचा.

(मोहाडी, विणकरांची गल्ली. आज दुपारी या घरातल्या एकुलत्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. गोपाळराव जन्मभर मागावर बसले, मधली काही वर्षं विणकर सोसायटीचे सचिव होते, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना एकच गोष्ट पटली : जिची नोंद घेतली नाही, ती घडलेली नसते. म्हणून ते अंगणातल्या खाटेवर बसून जमिनीकडे पाहताहेत.)

भूषण : काहून ओरडून राहिले? मी आरशासमोर आत्मविश्वास वाढवून राहिलो होतो.

शोभाताई : तुह्या नवरीचं लुगडं वांदरानं नेलं.

गोपाळराव : नेलं नाही.

भूषण : थांबा. दोघंही थांबा. खोल श्वास घ्या. हे संकट नाही, हे चॅलेंज आहे.

शोभाताई : दोघात फरक काय?

भूषण : संकट आलं की माणूस रडते. चॅलेंज आलं की फी भरून शिबिराले येते.

शोभाताई : हेच शिकवतं काय रे तू भंडाऱ्याले लोकायले?

भूषण : व्यक्तिमत्त्व विकास, आई. प्रत्येक जण आपापल्या स्वभावानं अडचणीले तोंड देते. आता बाबा, हे नाकारणारे. तू, तुटून पडणारी.

शोभाताई : आन् तू?

भूषण : मी मार्गदर्शक.

शोभाताई : म्हणजे खुर्चीवर बसणारा. पण मी म्हणते, ते लुगडं अंगणात टाकलं कोणं?

गोपाळराव : रात्री ओसरीत, सकाळी उन्हात वाळू घातलं होतं. थोडीशी कांजी दिली होती.

शोभाताई : थोडीशी! घरातला तांदूळ सरला. सकाळी पाहाते तं लुगडं ओसरीत एकटंच उभं! मले वाटलं पावणी आली. मी त्याले या, बसा म्हटलं.

भूषण : मग?

शोभाताई : बसलं नाही. वाकतच नव्हतं.

गोपाळराव : होणाऱ्या सुनेच्या, रीताच्या मामानं बैठकीत काय म्हटलं होतं? हातमागाचं लुगडं लेचंपेचं दिसते म्हणे. म्हटलं, आता कडक दाखवतो.

शोभाताई : घ्या. आता भाताचा वास आला तिकडे. चाटून राहिलं पाहा पदर.

गोपाळराव : कोण चाटून राहिलं?

शोभाताई : वांदर!

गोपाळराव : इथं वांदर नाही.

शोभाताई : भूषण, तुह्या बापाले सांग बाबा. या घरात साक्षगंधाले सून सासऱ्याच्या हातचं लुगडं नेसते. माही सासू नेसली, मी नेसली. वांदर नेसलं असं आजपर्यंत झालं नाही.

गोपाळराव : आजही झालं नाही.

भूषण : बाबा, तुम्हीच तं चारचौघांत म्हटलं, माह्या हातचं लुगडं नसलं तं हे साक्षगंध होणार नाही. आन् मामा म्हणाले, मग आम्हीही चहा पिऊन परत जाऊ. आख्ख्या लाखांदुरात सांगून ठेवलं त्यानं.

शोभाताई : चहाही पितीन वरून!

भूषण : रीताचा मेसेज आहे. निघाले ते लोक. तिनं दुसरी साडी आणलीच नाही. म्हणते, सासऱ्याचा शब्द आहे, आणून कायले अपमान करू.

शोभाताई : पोरगी चांगली हाय. तिच्यासाठी तरी आण माही काठी.

भूषण : काठी नाही! आधी समोरच्याची प्रेरणा ओळखाची. त्याले काय पाहिजे? भूक आहे, की मानसन्मान पाहिजे, की लहानपणी कोणी दुर्लक्ष केलं?

शोभाताई : त्याले लुगडं पाहिजे.

भूषण : ते वरवरचं झालं. एक केळं फेक. बदल्यात लुगडं सोडन. याले देवाणघेवाण म्हणतात.

शोभाताई : हे घे रे बाबा, वांदरा. हं... घेतलं.

भूषण : आन् लुगडं?

शोभाताई : तेही हाय त्याच्यापाशी. झाली तुही देवाण.

गोपाळराव : घरात केळं नव्हतंच.

शोभाताई : हटा दोघंही. मीच चढते. माहेरी बपेऱ्याले असताना मी मोहाच्या झाडावर... थांबा.

भूषण : काय झालं?

शोभाताई : हळू बोल.

भूषण : काहून?

शोभाताई : वांदर नाही, वांदरीण हाय. लेकरू हाय तिच्यापाशी. पदरात गुंडाळून झोपवलं वं माय तिनं. एवढुसं हाय. मूठभर.

भूषण : मग काठी?

शोभाताई : ठेव बाजूले. लेकरू झोपलेलं असताना काठी दाखवाची? तू शिबिरात हेच शिकवतं काय?

भूषण : पण तू तं तुटून पडणारी!

शोभाताई : झोपलेल्यावर नाही पडत मी.

गोपाळराव : काठ कोणत्या बाजूनं आला?

शोभाताई : काय म्हटलं जी?

गोपाळराव : करवतकाठ. लेकराच्या अंगाले लागून आला, की बाहेर?

शोभाताई : पाहा ना स्वतः.

गोपाळराव : ...आतून आला.

शोभाताई : दिसलं?

गोपाळराव : टोचन त्याले. कांजी लय कडक झाली माह्याकडून.

शोभाताई : होय जी.

गोपाळराव : म्हणजे लुगडं गेलं, शोभा.

शोभाताई : गेलं जी. मी सकाळपासून तेच सांगून राहिली.

भूषण : नाही. कोणी हार मानू नका. बाबानं वास्तव स्वीकारलं, ही मोठी प्रगती आहे. आता मी चढतो.

शोभाताई : तू? तुले खाटेवर उभं राहून पंखा पुसताना चक्कर येते.

भूषण : त्यालेच कम्फर्ट झोन म्हणतात. आज त्याच्या बाहेर निघतो.

गोपाळराव : नवी जोधपुरी काढून चढ.

भूषण : पोशाखानं आत्मविश्वास येते. धरा फक्त बूट.

शोभाताई : हळू रे. त्या फांदीवर नको. आता थांब तिथंच.

भूषण : थांबत नाही मी. आपलं ध्येय... आई...

शोभाताई : काय झालं?

भूषण : कम्फर्ट झोनच्या बाहेर आलो.

शोभाताई : मग परत ये आता आत.

भूषण : परत येण्याचा भाग मी अजून शिकवत नाही.

गोपाळराव : खाली पाहू नको, भूषण.

भूषण : पाहिलं, बाबा.

शोभाताई : लुगडं तं हाताशीच हाय तुह्या! ओढ.

भूषण : दोन्ही हातानं झाड धरलं आहे. अबे, अबे, ती जवळ येऊन राहिली!

शोभाताई : हलू नको. लेकरू उठन.

भूषण : माह्या डोक्यात हात घातला तिनं. काहीतरी शोधून राहिली.

शोभाताई : शोधू दे. मी शोधायची तं पळत होता लहानपणी. आता कसा बसला पाहा शहाण्यासारखा.

भूषण : मले आवडून राहिलं आहे, आई. याची मले भीती वाटून राहिली.

शोभाताई : हॉर्न वाजला जी! जीप आली गल्लीत. मामा पुढेच बसून हाय. आता विचारतीन, लुगडं कुठं, नवरदेव कुठं. काय सांगता?

गोपाळराव : माही टोपी दे.

शोभाताई : पावण्यायसंग बोलता?

गोपाळराव : नाही. तिच्यासंग. आजपर्यंत मी जे केलं ते अर्जानंच केलं.

शोभाताई : सोसायटीचे एवढे अर्ज धाडले मुंबईले. एकाचं तरी उत्तर आलं काय?

गोपाळराव : एकाची पोच आली होती.

भूषण : बाबा, लवकर बोला. ती आता भांग बदलून राहिली.

गोपाळराव : प्रति, माननीय वानरबाई, चिचेचं झाड, मुक्काम मोहाडी. महोदया, सविनय सादर करण्यात येते की, आपल्या ताब्यातील मुलगा आपणांस पसंत असल्यास तो ठेवून घेण्यास आमची हरकत नाही. तथापि बाळ उठल्यावर, आपल्या सोयीने, सदर लुगडे मूळ घडीसह परत मिळावे, ही नम्र विनंती.