मुखपृष्ठासाठी काळा कातळ

मुखपृष्ठाचं विचारताय म्हणून सांगते. ज्वालामुखींवरच्या माझ्या पुस्तकावर संपादक आग ओकणारा परदेशी डोंगर छापणार होते. मला आपल्या किनाऱ्यावरचा लाव्ह्याचा काळा कातळ हवा होता. म्हणून कॅमेरा घेऊन विजयदुर्गाजवळच्या खडकांवर गेले. फोटोंच्या नादात भरती कळलीच नाही. परतीची वाट पाण्याखाली गेली, लाटा कमरेला लागल्या, पाय निसटायला लागले. मासेमारीहून परतणाऱ्या गजाकाकांनी होडी जवळ आणली.

"कॅमेरो सोड, हात दी."

मी सोडला.

शेवटी तो परदेशी डोंगरच छापला. काकांना पुस्तक द्यायला गेले. त्यांनी मुखपृष्ठावरची आग बराच वेळ पाहिली आणि हळूच विचारलं, "बाय, ह्यो फोटो काढूक तू नाय मां गेल्लंस?"