बांधावरचा लिंब

बांधावरच्या झाडाचं भांडण मिटवायच्या नादी लागू नका, माझं ऐका. आमच्या वरकुटे गावच्या रानात बांधावर माझा लिंब हाय. शेजारचा सदाआबा रोज सकाळी बांधावर येऊन वरडायचा, "तुझ्या लिंबाच्या सावलीनं माझा ऊस खुरटला, फांद्या तोड!"

मी म्हणायचो, "हात लावून बघ!"

बारा वर्सं असंच चाललं. बायको गेल्यापासनं माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच.

औंदा आबा गेला. त्याचा थोरला लेक पुण्यासनं रान बघाया आला. मी मुद्दाम बांधावर जाऊन दरडावलं, "फांदी तोडू द्यायचा न्हाय!"

तो म्हणाला, "असू दे तात्या, तुमचंच झाड आहे." आन् निघाला.

मीच त्याला आडवा गेलो. म्हटलं, "आरं, आबाचा लेक ना तू? जरा तरी भांड की!"