तूबाआत्या आणि मॅग्नेशियमची वाटी

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "तू दिलीसच का?" दिली? मी? अहो, तुम्हाला सांगते, आमच्या इराणात, इस्फहानात, पाहुण्यानं एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की "घ्या ना, तुमचीच आहे!" म्हणायचं असतं, मग पाहुण्यानं "छे छे!" म्हणायचं असतं, निदान दोनदा, तिसऱ्यांदाही आग्रह झाला तरच तो खरा, एरवी त्यात कुणी काही देत नाही, कुणी काही घेत नाही! पण आमच्या ह्यांच्या तूबाआत्यांनी घेतली. पहिल्याच फटक्यात! पर्समध्ये टाकली! वर चेन लावली!

आता ती वाटी म्हणजे... माझी पीएचडी हो! मॅग्नेशियम हा मुलखाचा हट्टी धातू, वाकवायला जावं तर कडकन तडकतो. त्याला वाकड्या साच्यातून पुन्हा पुन्हा दाबून काढायचा, आतले कण मैद्याहून बारीक करायचे, पत्रा लाटायचा, भट्टीत तापवायचा, की मग तो आमच्या गझ मिठाईच्या चिकट पाकासारखा ताणला जातो, सुपरप्लॅस्टिक म्हणतात त्याला, आणि तेव्हा खालून वायू सोडून हळूहळू फुगवायचा. घाई केलीत की फाटला! किती फाटले, विचारू नका. ही एकच फुगली, पिसासारखी हलकी, आरशासारखी लख्ख. दोन दिवसांनी परीक्षकांपुढे ठेवायची होती, प्रयोगशाळेत कुणाचा धक्का लागेल म्हणून जिवाच्या भीतीनं घरी आणली... शहाणी मी! आणि नवा संसार बघायला आत्याबाई हजर!

"मागून घे ना," माझा नवरा, बर्दिया, म्हणतो.

"तू माग. आत्या तुझी."

"वेडी आहेस का? दिलेली वस्तू मागू? माझ्या बाबांना कळलं तर...!"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच नव्या जोडप्याचं जेवण. जाऊन बघते तर नवरोजसाठी, म्हणजे आमच्या नववर्षासाठी, चादरीवर मांडामांड केलेली, अंकुर, सफरचंदं, लसूण, आणि मधोमध माझी वाटी! आणि आत्यांच्या हातात बाटली. कसली? व्हिनेगरची! त्या मांडणीत तेही लागतंच. अहो, मॅग्नेशियमला व्हिनेगर म्हणजे खडीसाखरेला पाणी! ओरडावं, तर नवी सून, समोर अख्खं सासर बसलेलं... आणि एकदम सुचलं. आपणच कौतुक करायचं!

"आत्या, काय सुंदर वाटी हो!"

"घे ना, तुझीच आहे!"

मिळाली! मिळाली की नाही? आणि माझं तोंड, ही माझी जीभ, काय म्हणते? "छे छे, तुमच्याकडेच शोभते."

"अगं घे गं, सूनबाई!"

"नाही हो आत्या, राहू द्या..."

आता तिसऱ्यांदा विचारतील, आता हो म्हणायचं, हातसुद्धा निम्मा पुढे गेलेला... तिसऱ्यांदा विचारलंच नाही! ओतलं!

फस्स्स्... "अगो बाई, हे तर उकळायला लागलं!" आत्या दोन पावलं मागे. "असलं कसलं गं भांडं? पारखून तरी घ्यावं माणसानं!" आणि तळ, जो ताणून ताणून सगळ्यात पातळ झालेला, त्याला बघता बघता भोक. व्हिनेगर चादरीवर, लसूण व्हिनेगरमध्ये, आणि बर्दिया? छताकडे बघतोय!

तिथूनच सरांना फोन लावला. माझे पीएचडीचे मार्गदर्शक, डॉक्टर रस्तगार, देवमाणूस हो. म्हणाले, "फोटो आहेत, मोजमापं आहेत. परीक्षकांना मी समजावतो. ठरल्याप्रमाणे उद्याच उरकून टाकू या का?"

आणि मी म्हटलं, "नको सर, तुम्हाला उगाच त्रास..."

"बरं. मग सुट्टीनंतर, नवी वाटी घेऊन या."

एकदाच विचारलं हो! एकदाच!

तेव्हा आता पुन्हा पत्रा, पुन्हा भट्टी, पुन्हा हळूहळू. तुम्हीसुद्धा या परीक्षेला, नक्की या, जेवूनच जा... अहो, तारीख कसली लिहून घेताय? नुसती म्हणायची पद्धत आहे ती!